पॅलाडिनला प्रायश्चित्त का नव्हते?

🧵 थ्रेड

१/ १९७५ साली अमेरिकेत निघालेल्या एका लहानशा पुस्तिकेत एक कठोर नियम आहे. व्रतस्थ योद्ध्याने अराजकाच्या बाजूचे एक जरी कृत्य केले, तरी त्याचे पद तत्क्षणी जाते आणि पुन्हा कधीही मिळत नाही. पुस्तिकेचे नाव ‘ग्रेहॉक’, योद्ध्याचे नाव पॅलाडिन. मध्ययुगातल्या खऱ्या व्रतस्थ योद्ध्यांचे कायदेही इतके निष्ठुर नव्हते. मग हा नियम आला कोठून?

२/ आधी थोडी ओळख. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो (त्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात) आणि डाव फाशांवर चालतो. प्रारंभी पात्रांचे तीनच वर्ग होते : योद्धा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे शस्त्रधारी धर्मोपदेशक. पॅलाडिन पुढच्या वर्षी, ‘ग्रेहॉक’मधून आला.

३/ शब्द मात्र फार जुना. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवरील प्रासादाशी संबंधित तो ‘पॅलाटिनस’. पुढे हे नाव शार्लमेनच्या बारा सरदारांना मिळाले. त्यांतला रोलाँ ७७८ मध्ये पिरेनीज पर्वतात मारला गेला. चरित्रकार आइनहार्ड हल्लेखोरांना बास्क म्हणतो. सुमारे तीनशे वर्षांनंतरच्या गीतात ते मुसलमान झाले आणि एका चकमकीचे धर्मयुद्ध बनले. गायगॅक्सच्या वाचनात मात्र पोल अँडरसन यांची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ ही कादंबरी होती. तिचा नायक म्हणजे शार्लमेनच्याच कथाचक्रातला डेन ओजिए.

४/ आता खऱ्या व्रतस्थांकडे वळू. टेम्पलर संघाची नियमावली ११२९ च्या त्रॉय येथील धर्मसभेत आकाराला आली आणि पुढे वाढत गेली. तिच्यात अपराधांच्या चढत्या पायऱ्या आहेत. सहधर्मीयाची हत्या, चोरी किंवा रणांगणातून पलायन केल्यास हकालपट्टी. त्याहून हलक्या अपराधांना एक वर्ष आणि एक दिवस संघाचा झगा काढून घेणे, जमिनीवर बसून जेवणे. मुदत सरली की झगा परत!

५/ धर्मयुद्धाच्या शपथेचे तर आणखी नवल. १२१३ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने ती जवळजवळ कोणालाही घेऊ दिली, आणि ज्यांना प्रत्यक्ष जाणे शक्य नाही त्यांना द्रव्य देऊन तिच्यातून मोकळे होण्याची वाट ठेवली. व्रत मोडणाऱ्या माणसाचे काय करायचे, याचा विचार व्रत देणाऱ्या संस्थेने आधीच करून ठेवला होता.

६/ तेव्हा ‘ग्रेहॉक’मधल्या नियमाचे मूळ इतिहासात शोधून सापडत नाही. मला ते हिशोबात दिसते. पॅलाडिन हा सामान्य योद्ध्याहून बलवान : त्याच्या स्पर्शाने जखमा भरतात, रोग त्याला शिवत नाहीत. त्यासाठी ‘करिश्मा’ या गुणाचे निदान १७ अंक लागत. तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याची शक्यता २१६ पैकी ४. एवढ्या सामर्थ्याची किंमत कोठेतरी वसूल व्हायला हवी. व्रत ही ती किंमत होती.

७/ येथे आपल्याला युधिष्ठिराची आठवण व्हावी. त्याचा रथ भूमीपासून चार बोटे वर चालत असे. द्रोणांपुढे अर्धसत्य उच्चारताच तो जमिनीला टेकला. तरीही युधिष्ठिर धर्मराजच राहिला. व्यासांनी रथ खाली आणला. गायगॅक्सने जप्तच केला असता.

८/ १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये थोडी दया आली. अराजकाचे कृत्य घडल्यास वरिष्ठ क्लेरिकपुढे कबुली द्यावी आणि प्रायश्चित्त घ्यावे. जाणूनबुजून दुष्कृत्य केल्यास मात्र पद कायमचे गेले. शिवाय उत्पन्नाचा दशांश दान, जादूच्या वस्तू दहाच, आणि कायमची सोबत फक्त सज्जनांची.

९/ टेबलावर याचे काय होते, ते खेळलेल्यांना ठाऊक आहे. शत्रूचा सैनिक कैद झाला. सोडला तर तो छावणीला सावध करणार. मारला तर निःशस्त्राची हत्या. इतर चौघे म्हणतात, मारा. पॅलाडिन अडून बसतो. एकाने घेतलेली प्रतिज्ञा पाच जणांना पाळावी लागते (भीष्माच्या घरातही हेच झाले), आणि दुष्कृत्य म्हणजे काय हे ठरवणारा असतो सूत्रधार, म्हणजे शेवटी आपलाच एक मित्र. खेळातला व्रतभंग राहतो बाजूला आणि खरी माणसे एकमेकांशी अबोला धरतात.

१०/ या कोंडीतून सर्वांत सुंदर वाट, माझ्या मते, ग्रेग स्टॅफर्डने काढली. आर्थर राजाच्या कथांवरील त्याचा ‘पेंड्रॅगन’ हा खेळ १९८५ मध्ये आला. त्यात प्रत्येक सरदाराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या असतात : दयाळू–क्रूर, विनम्र–गर्विष्ठ, ब्रह्मचारी–कामुक वगैरे. प्रत्येक जोडीची बेरीज २०. मोहाचा प्रसंग आला की फासा टाकायचा. दया १६ असली तरी वीस बाजूंच्या फाशावर १९ पडू शकतात, आणि दयाळू म्हणून ख्यात असलेला सरदार त्या दिवशी क्रूर ठरू शकतो. न्यायाधीश कोणी नाही. आपलाच स्वभाव आपल्याला दगा देतो.

११/ मूळ खेळाला बराच वेळ लागला. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीतही पॅलाडिन सदाचारी आणि नियमनिष्ठ असणे सक्तीचे होते. २००८ मध्ये ती सक्ती गेली. २०१४ पासून खेळाडू आपली शपथ स्वतः निवडतो : भक्तीची, प्राचीनांची, किंवा सूडाचीसुद्धा. आणि त्याच पुस्तकातल्या एका छोट्या चौकटीत, शपथ मोडल्यावर काय करावे हे लिहिले आहे. त्याच श्रद्धेच्या क्लेरिककडे किंवा आपल्याच पंथाच्या दुसऱ्या पॅलाडिनकडे जावे, रात्रभर प्रार्थनेत जागावे, उपवास करावा. आणि क्षमा मिळाली की नव्याने सुरुवात करावी.