एक जानेवारीची भीमा

शिरूर येथे घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन तेथून सुमारे ८०० सैनिक घेऊन पुण्याकडे निघाला. सकाळी भीमेच्या काठी कोरेगावापाशी पेशव्यांची मोठी फौज त्याला आडवी आली. दिवसभर गावाच्या गल्लीबोळांत लढाई झाली. रात्रभर चालून आलेले शिपाई अन्नपाण्यावाचून लढले. पेशव्यांचे सैन्य मागे हटले, तोवर कंपनीचे पावणेतीनशे लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले होते. पेशव्यांची हानी पाच-सहाशेंची सांगतात.

पुढे तेथे स्तंभ उभा राहिला. त्यावर अनेक महार सैनिकांची नावे कोरली आहेत. पेशव्यांकडून पडलेल्या मराठा, अरब, गोसावी शिपायांची नावे तेथे नाहीत. त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेलच.

ज्या महारांचा गौरव झाला, त्यांनाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीचे दार बंद झाले. पहिल्या महायुद्धात ते उघडले आणि पुन्हा मिटले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर स्तंभापाशी आले, तेव्हाही ते बंदच होते. १ जानेवारी २०१८ रोजी त्याच परिसरात दंगल उसळली आणि एका तरुणाचा जीव गेला.

पोप सहावे पॉल यांनी १९६८ पासून हाच दिवस जागतिक शांतिदिन ठरविला आणि १९७२ च्या संदेशात शांतीची सांगड न्यायाशी घातली. ती सांगड का हवी, हे कोरेगाव सांगते. लढाई एका दिवसात संपली. अन्याय मात्र दोनशे वर्षे पुरला. कोरेगावची भीमा पुढे दौंडवरून वाहते. नववर्षाच्या मिस्सेत शांती मागताना तिच्या दोन्ही तीरांवरील मृतांचे स्मरण आपण करू या.