कीर्द, खतावणी आणि टॅली

लक्ष्मीपूजनाला लाल वहीवर हळदकुंकू वाहिलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. हल्ली बऱ्याच दुकानांत शेजारच्या संगणकालाही तो मान मिळतो. मला नेहमी प्रश्न पडायचा, पै-पैचा विचार करणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याने हिशेबासारखी नाजूक गोष्ट यंत्राच्या हाती दिली कशी?

उत्तर सापडतं बंगळूरमध्ये. श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता. मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलालाच, भरतला, ते लिहायला सांगितलं. १९८६ साली 'प्युट्रॉनिक्स' सुरू झाली. तीच पुढे १९९९ मध्ये 'टॅली सोल्युशन्स' झाली.

त्या काळच्या प्रोग्रॅम्समध्ये सहसा प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक असे. दिवाणजींनी आकडे पाठ करायचे! टॅलीत खातं नावानेच उघडायचं, अगदी वहीतल्यासारखं. कीर्दीत नोंद केली की खतावणी, तेरीज, ताळेबंद आपोआप तयार. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. व्यापारी संगणक शिकला नाही, संगणक व्यापाऱ्याची भाषा शिकला. (आपल्या 'ताळा जमला का?'शी नावही किती जुळतं, नाही?)

मग कायद्याने रेटा दिला. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हवी, तर बिलागणिक हिशेब हवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याचीही विवरणपत्रं ऑनलाइनच भरायची. एव्हाना नोकरीसाठी 'टॅली येतं का?' हा पहिला प्रश्न झाला होता.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र निसटली. वहीत चुकलेला आकडा खोडला तरी खाली दिसायचा. खाडाखोड लपत नसे, म्हणून तर वहीवर विश्वास. पडद्यावर मात्र मागच्या तारखेची नोंद बदलली तरी जुना आकडा दिसेलच असं नव्हतं.

गंमत बघा, १ एप्रिल २०२३ पासून सरकारने कंपन्यांना बंधन घातलं, की प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरायचं. म्हणजे दिवाणजींचा जुना दंडकच की! मालकीच्या छोट्या दुकानांना हा नियम लागू नाही. तिथे अजूनही सगळी भिस्त लिहिणाऱ्याच्या नियतीवरच.

असो. वही बदलली, पण ती लिहिणारा माणूस चोख लागतो हे काही बदललेलं नाही.