खेळातला सपाट रेणू

मोबाइलवर फावल्या वेळात खेळायचे कोड्यांचे खेळ पुष्कळ आहेत. त्यांतील काही रसायनशास्त्रावर बेतलेले असतात. रंगीत गोळे सरकवून, प्रत्येकाचे सगळे हात गुंततील असे जोडले, की पाण्याचा किंवा मिथेनचा रेणू तयार होतो व पुढचे कोडे उघडते. अहिल्यानगरला लागून असलेल्या केडगावातला नववीचा विद्यार्थीही असे खेळता खेळता कार्बनला चार, ऑक्सिजनला दोन आणि हायड्रोजनला एक हात असतो, हे सहज शिकतो. संयुजेची व्याख्या घोकावी लागत नाही.

हा खेळ मोबाइलपेक्षा जुना आहे. १९९० साली 'ॲटॉमिक्स' नावाचा असाच खेळ संगणकावर आला होता. पण त्याचे खरे मूळ शोधायचे, तर आणखी सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

७ एप्रिल १८६५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे व्याख्यान झाले. विषय होता अणूंची जोडशक्ती. क्रोके या मैदानी खेळातले लाकडी चेंडू रंगवून, त्यांना दांड्या बसवून त्याने रेणू उभे केले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. हे रंग आपल्या प्रयोगशाळेतील प्रतिकृतींत आजही दिसतात.

हॉफमनला फक्त हातांची संख्या दाखवायची होती. त्यामुळे त्याच्या कार्बनचे चारही हात अधिकचिन्हासारखे एकाच पातळीत होते. मोबाइलचा पडदाही सपाटच असतो. म्हणून खेळातला मिथेन अजून १८६५ सालातच आहे!

यात बिघडले कुठे? मिथेनमधील दोन हायड्रोजन काढून तेथे दोन क्लोरीन बसवा. रेणू सपाट असेल, तर हे दोन प्रकारे जमेल. क्लोरीन शेजारी-शेजारी बसतील किंवा समोरासमोर. म्हणजे डायक्लोरोमिथेन नावाचे दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत. प्रत्यक्षात एकच मिळतो. तो सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळतो.

१८७४ साली हॉलंडमधील २२ वर्षांचा व्हान्ट हॉफ आणि फ्रान्समधील ल बेल यांनी स्वतंत्रपणे मार्ग काढला. कार्बनचे चार हात चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात, असे मानले की अडचण सुटते. चतुष्फलकाचे कोणतेही दोन कोपरे एकमेकांचे शेजारीच असतात. समोरासमोर असे काही उरतच नाही. व्हान्ट हॉफने कागदाचे छोटे चतुष्फलक करून इतर शास्त्रज्ञांना पाठविले. १८७७ साली कोल्ब या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाने, पशुवैद्यक विद्यालयात नोकरी करणाऱ्या या तरुणाची छापील लेखात कठोर थट्टा केली. कल्पना मात्र टिकली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली व्हान्ट हॉफलाच मिळाले, पण ते त्याच्या दुसऱ्या संशोधनासाठी.

वर्गात १८६५ वरून १८७४ वर जायला खर्च जवळजवळ नाही. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंता अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून आकार जोडण्याची युक्ती शोधली.

आपणही करून पाहू या. सहा काड्यांचे गूल खरवडून काढा. ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे चार तुकडे कापा. प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर सुईने भोक पाडा. दोन टोकांत दोन आणि भोकात तिसरी अशा तीन काड्या एका तुकड्यात बसतात. सहा काड्या व चार तुकडे जोडले, की चतुष्फलक तयार. याच्या मध्यभागी कार्बन आहे असे समजा. कोणत्याही दोन कोपऱ्यांना हिरवे कागद चिकटवा. मग दुसऱ्या विद्यार्थ्याला दुसरे दोन कोपरे निवडू द्या. दोन्ही प्रतिकृती फिरवून जुळवल्या, तर फरक सापडत नाही.

म्हणून मुलांना तो खेळ जरूर खेळू द्यावा. खेळून झाल्यावर एवढेच विचारावे : "तुमच्या पडद्यावर डायक्लोरोमिथेन किती प्रकारचे बनतात?" उत्तर "दोन" आले, की काड्या पुढे कराव्यात.