दोरीबाहेरचा इतिहास



कॉलेजांच्या खेळांच्या इतिहासावर बोलण्यास आम्हांस बोलावले, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, वर्तमानपत्रे आणि कायद्याची पुस्तके वाचून झाले. नांदेडच्या गिरणी कामगाराच्या घरी जन्मलो आणि लातूरच्या आडत बाजारात हमालांची संघटना बांधण्यात उमेद घालविली. परंतु आज बोलायचे आहे ते दोरीबाहेर उभे राहून खेळ पाहणाऱ्यांविषयी. त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार आमचा आहे.

प्रथम थोडा मागचा काळ पाहू. निजामी राज्यात नांदेड-लातूरच्या मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज काढले. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६१ साली लातुरात दयानंद कॉलेज निघाले. विद्यापीठ आले म्हणजे त्यामागून आंतरमहाविद्यालयीन सामने आले. त्याच १९६१ साली विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाने कबड्डीला आपल्या खेळांत स्थान दिले. जो खेळ आमच्याकडे खळ्यात आणि नदीच्या वाळूत चाले, तो आता कॉलेजच्या मैदानावर मानाने खेळला जाऊ लागला.

ही गोष्ट दिसते तेवढी लहान नव्हे. क्रिकेटचे नियम आम्हांस कोणी तरी समजावून सांगावे लागत. कबड्डीत मात्र आम्हीच पंचांच्या चुका काढीत असू. उस्मानशाही गिरणीची पाळी सुटली की कामगार डब्याची पिशवी हातात घेऊन थेट मैदानावर जात. त्यांतील बहुतेकांनी कॉलेजचा वर्ग आतून कधी पाहिला नव्हता. तरी ते ‘आपलं कॉलेज’ असेच म्हणत. ‘पीपल्स’ म्हणजे लोकांचे, हे त्यांना कोणी सांगितले होते; आणि तो शब्द त्यांनी खरा मानला होता.

१९८०च्या दशकातील एक सामना सांगतो. नांदेडचे एक कॉलेज आणि लातूरचे एक कॉलेज यांच्यातील तो अंतिम सामना लातुरात झाला. आमच्यासारखे पंचवीस-तीस जण एस.टी.ने गेलो होतो. शेवटची चढाई नांदेडच्या गड्याची. दोन गुण हवे होते. त्याने दोघांना स्पर्श केला, मागे वळला आणि मध्यरेषेवर पकडला गेला. हात रेषेला लागला; पण त्याआधी दम तुटला की नाही, यावर वाद झाला. पंचांनी लातूरच्या बाजूने निर्णय दिला.

हा वाद अजून मिटलेला नाही. आडतीतील एक म्हातारे मुकादम म्हणतात, “दम तुटला होता, दादा. मी माझ्या कानानं ऐकलो की.” नांदेडचे एक निवृत्त कामगार शपथेवर सांगतात, “तुटला नव्हता!” गुण विचारावेत तर दोघांचे आकडे वेगळे. एकाच्या आठवणीत तेव्हा पाऊस पडत होता, दुसऱ्याच्या आठवणीत कडक ऊन. मात्र पुढच्या एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे. त्या पकडीत आमच्या गड्याचा गुडघा निखळला. तेव्हा लातूरच्या हमालांनी मैदानात धाव घेतली, बाजारातील हातगाडी आणली, तीवर पोती अंथरली आणि त्याला दवाखान्यापर्यंत ढकलीत नेले. ज्या गड्याला घटकेपूर्वी ते शिव्या देत होते, त्याच्या उशाशी ते रात्री बसून राहिले.

पुढे त्या कॉलेजच्या अहवालात या सामन्याविषयी एकच शब्द छापला गेला: ‘उपविजेते’. अहवाल खोटा नाही. पण त्यात हातगाडी नाही. ती केवळ प्रेक्षकांपाशी आहे.

आणखीही एक गोष्ट अहवालात नसते. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्हाही त्यातून सुटला नाही. त्यानंतरच्या वर्षांत आम्ही मैदानावर पाहत होतो की, चढाई आली म्हणजे वस्तीतला मुलगा आणि वाड्यातला मुलगा हात धरून साखळी करीत आहेत. खेळाने जात गेली, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. सामना संपल्यावर पाण्याच्या घागरीशी ती पुन्हा उभी राहिलेली आम्ही पाहिली आहे. पण ती साखळी दोरीबाहेरच्या शेकडो लोकांनी पाहिली, हेही तितकेच खरे आहे.

याहून मोठे उदाहरण कोल्हापूरचे आहे. खाशाबा जाधव हे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पदकाची नोंद जगाच्या दप्तरात झाली. पण त्या गाड्या हाकणारे कोण होते? त्यांतील कितीजण कॉलेजात गेले असतील?

१९९४ साली औरंगाबादच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लाभले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. काल ज्या विद्यापीठाच्या संघासाठी टाळ्या पिटल्या, तोच आज प्रतिस्पर्धी झाला! नांदेड-लातूरकर मात्र एकाच संघामागे उभे राहिले. झेंडा बदलला, घसे तेच राहिले.

आता गिरणीचा भोंगा वाजत नाही. पुष्कळ मैदानांभोवती भिंती आल्या. एका मैदानाच्या फाटकावर आम्हांस विचारण्यात आले, “आपण कोणाचे पालक?” आम्ही काय उत्तर द्यावे? चाळीस वर्षे ज्यांच्यासाठी घसा बसविला, त्या सर्व मुलांचे, असे म्हणावेसे वाटले. पण मुकाट्याने परत फिरलो.

म्हणून कॉलेजांच्या चालकांना आमची दोनच मागणी आहेत. सामन्याच्या दिवशी फाटक उघडे ठेवा. आणि वर्धापनाचा ग्रंथ काढाल तेव्हा चषकांची यादी जरूर छापा. परंतु त्याआधी एखाद्या विद्यार्थ्याला वही देऊन गिरणीच्या चाळीत आणि आडत बाजारात पाठवा. मुकादमांचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. दम तुटला होता की नव्हता, याचा निकाल लागणार नाही; तो लागूही नये. पण हातगाडी कोणी ढकलली, त्यांची नावे ते अजून सांगू शकतात.