डेन्मार्कमधील परस्परविश्वास आणि जीवनसमाधान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ज्या समाजात अनोळखी माणसावरही विश्वास ठेवला जातो, तेथील लोक आपल्या जीवनाविषयी अधिक समाधानी असतात, असे आंतरराष्ट्रीय पाहण्यांतून वारंवार आढळले आहे. डेन्मार्क हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. हा विश्वास डॅनिश लोकांचा उपजत स्वभाव आहे की इतिहासाची निर्मिती, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सहकाराची जडणघडण :
शेतकऱ्यांना जमीनदाराच्या जहागिरीशी जखडून ठेवणारे बंधन रद्द करण्याचा कायदा १७८८ मध्ये झाला. १८४४ मध्ये ग्रुंटविग यांच्या विचारांतून रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले. पुढे १८७० च्या दशकात अमेरिका व रशियातील स्वस्त धान्यामुळे धान्यशेती अडचणीत आली आणि शेतकरी दुग्धव्यवसायाकडे वळले. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावी पहिली सहकारी डेअरी स्थापन झाली. तेथे मताधिकार गाईंच्या संख्येवर नव्हे, तर माणशी एक असा होता. नफा मात्र पुरविलेल्या दुधाच्या प्रमाणात वाटला जाई. कर्जाची जबाबदारी सर्वांची सामायिक असे. एकाने दुधात पाणी घातले तर सर्वांच्याच लोण्याची प्रत घसरणार, म्हणून शेजाऱ्यावरील विश्वासाला तपासणीची जोड होती. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अशा डेअऱ्यांची संख्या हजारावर गेली.

पाहण्यांची साक्ष :
१९७३ पासूनच्या युरोपीय पाहण्यांत जीवनसमाधानाबाबत डेन्मार्क सातत्याने अग्रभागी राहिला. तथापि ‘बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो’ असे मानणाऱ्यांचे प्रमाण १९७९ मध्ये सुमारे ४७ टक्केच होते. २००९ पर्यंत ते सुमारे ७९ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे विश्वास निम्म्याहून कमी लोकांत असतानाही समाधान उच्च होते. त्यामुळे विश्वास हे समाधानाचे एकमेव कारण ठरत नाही. तसेच तीस वर्षांतील ही वाढ केवळ सहकाराच्या वारशाने स्पष्ट होत नाही. वाढते शिक्षण आणि निःपक्ष शासनसंस्था यांकडे अभ्यासक या संदर्भात लक्ष वेधतात.

निष्कर्ष :
परस्परविश्वास हा वंशपरंपरेने लाभणारा गुण नसून समान हक्क, उघड हिशेब आणि न्याय्य तपासणी यांतून तो घडतो व प्रत्येक पिढीत नव्याने घडवावा लागतो. म्हणून एखाद्या समाजाच्या समाधानाची तुलना करताना त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या संस्थांचा इतिहास प्रथम तपासणे अधिक उचित ठरेल.