वांद्र्याचं सदन आणि अडलेलं मॉर्फीन

१९८६ साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरात, कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुईस डिसूझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ सुरू केलं. उपचारांनी हात टेकलेल्या कर्करुग्णांसाठीचं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. खाट, औषध, शुश्रूषा, सगळं मोफत. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही शाखा निघाल्या.

मुहूर्त मात्र विचित्र होता. आदल्याच वर्षी अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि मॉर्फीन परवान्यांच्या जंजाळात अडकलं. फुप्फुसाच्या कर्करोगात हे औषध दुहेरी कामाचं: हाडांत पसरलेल्या रोगाचा ठणका शमवतं आणि अल्प मात्रेत धाप लागून होणारी घुसमटही हलकी करतं. मॉर्फीन ज्यापासून बनतं ती कायदेशीर अफू पिकते आपल्याच देशात, नीमच-मंदसौरकडे, परदेशीही जाते. आणि १९९७मध्ये देशभरातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर जेमतेम १८ किलो! कायद्यात सुधारणा व्हायला २०१४ उजाडलं.

दरम्यान, २०१०मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेले १५१ रुग्ण. निदान होताच उपशामक, म्हणजे त्रास शमवणारी, सेवा मिळालेल्यांत नैराश्य कमी, अखेरच्या दिवसांतला उपचारांचा मारा कमी. तरी त्यांच्या आयुर्मानाचा मध्यक ११.६ महिने भरला, इतरांचा ८.९. या सेवेबद्दल ‘ते शेवटी बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना हे आकडे पचायला जडच गेले असणार.