मुळशीचा ढोल आणि 'हायब्रिड थिअरी'

मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला, बालेवाडीजवळ वसलेले नांदे ज्या पट्ट्यात मोडते, तो मुळशी-मावळचा पट्टा पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीला ढोल-लेझीमचे ताफे पुरवणारा म्हणून दीर्घकाळ ओळखला गेला. शहरी विद्यार्थ्यांनी ढोल कमरेला बांधला तो पुढे, १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन करणाऱ्या आप्पासाहेब पेंडसे यांच्या पुढाकारातून. २०१० साली पुण्यात सुरू झालेला 'एनएच७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव डिसेंबर २०२३मध्ये नांद्याच्या माळावर भरला, तेव्हा ड्रमसेट ढोलाच्या मुलखात आला.

या ड्रमसेटच्या अलीकडच्या इतिहासात 'न्यू-मेटल'चे, म्हणजे खालच्या सुरात लावलेली गिटार आणि हिप-हॉपची शब्दफेक यांना जोडणाऱ्या अमेरिकी प्रकाराचे, स्थान वादग्रस्त आहे. 'कॉर्न'च्या १९९४च्या पहिल्या अल्बमने त्याचा पाया घातला, तर 'लिंकिन पार्क'च्या २४ ऑक्टोबर २०००च्या 'हायब्रिड थिअरी'ने हा प्रकार घरोघरी नेला. जेमतेम अडतीस मिनिटांच्या या अल्बममध्ये ड्रमवादक रॉब बोर्डन हात दाखवण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही, आणि वेगाची भूक असलेल्या मेटलच्या जाणकारांना नेमके हेच खटकले. वादकाच्या कानाने ऐकले तर मात्र अल्बमच्या टिकाऊपणाचे मर्म याच संयमात सापडते: कडव्यात 'लूप', म्हणजे यंत्रावर फिरत राहणारा छोटा ठेका, बारीक काम करतो, ड्रम जागा मोकळी सोडतात, आणि ध्रुवपदाला बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गिटारच्या आघातावर अचूक बसतो, तेव्हा आधी राखलेल्या मोकळ्या जागेमुळेच तो ठोका दुप्पट जड वाटतो.

मुळशीच्या ढोलवादकाला ही विभागणी नवी नाही. पन्नास ढोल एकत्र वाजू लागले की बारीक बोल एकमेकांत मिसळून गोंगाट होतो, म्हणून जलद काम ताशाच्या काड्यांकडे जाते आणि ढोल एका पानावर टिपरू, दुसऱ्यावर उघडा तळहात एवढ्यावर भागवतो. फरक आहे तो चढणीचा: मिरवणुकीतला ढोल लय वाढवत नेतो, तर 'हायब्रिड थिअरी'तले गाणे लय जवळपास तीच ठेवून फक्त आवाजाचे वजन बदलते, आणि त्यामुळे नवशिक्या ड्रमवादकालाही ते हाती लागते; पंचवीस वर्षांनंतरही शिकणारे याच अल्बमकडे वळतात, यात नवल नाही.

दिल्लीच्या 'ब्लडीवुड'ने २०२२च्या 'रक्षक'मध्ये न्यू-मेटलला प्रत्यक्ष ढोल जोडला, पण तो पंजाबी, दोन्ही हातांत काठ्या घेऊन वाजवायचा. मुळशीच्या ढोलाची तळहाताची थाप त्यात नाही.